गोरोबाकाकांचे थापटणे

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे हे गाव, म्हणून सर्व महाराष्ट्र त्यास ओळखतो. चैत्र वद्य पक्षात तेथे त्यांच्या समाधीची यात्रा भरते, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण आईवडिलांचे बोट धरून त्या यात्रेस जाऊन आले असतील. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतमंडळींची परीक्षा केली व नामदेवांस कच्चे ठरविले, ही कथाही बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु ती सांगावयाची म्हणजे नामदेवांची फजिती सांगावयाची आणि हसून पुढे जावयाचे, असा प्रघात पडला आहे. त्या फजितीनंतर काय झाले, आणि कुंभाराच्या भाषेत ‘कच्चे’ या शब्दाचा खरा अर्थ काय, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा भाग तोच आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम गावाची थोडी ओळख करून देणे इष्ट आहे. तेरचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या समुद्रप्रवासाच्या वर्णनात या नगराचा उल्लेख येतो. पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असून तेथून जाडेभरडे कापड, मलमल इत्यादी माल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, असे तो सांगतो. तगर म्हणजेच आपले तेर, ही गोष्ट डॉ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार मांडली. पुढे येथे उत्खनने झाली. सातवाहनकाळातील मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंती वस्तू व खापरांचे ढीग सापडले. गावातील रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी अशा वस्तू जिव्हाळ्याने जमविल्या, आणि त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथे आहे. विटांनी बांधलेले त्रिविक्रमाचे पुरातन मंदिरही पाहण्याजोगे आहे. हे सांगण्याचा हेतू इतकाच की, गोरोबाकाकांनी चाक फिरविले त्याच्या हजार-बाराशे वर्षे आधीपासून या गावात माती भिजविली व भाजली जात होती. ज्या कुंभाराच्या शब्दाने नामदेवांसारखा पुरुष हादरला, तो असल्या जुन्या कारागिरीच्या गावचा रहिवासी होता.

गोरोबांचा जन्म शके ११८९ म्हणजे इसवी सन १२६७ मध्ये झाला, व शके १२३९ म्हणजे १३१७ साली चैत्र वद्य त्रयोदशीस त्यांनी समाधी घेतली, असे परंपरा सांगते. त्यांचे फार थोडे अभंग आज उपलब्ध आहेत. धंदा कुंभाराचा, संसार चारचौघांसारखा, मुखी विठ्ठलाचे नाम. त्या काळच्या संतमंडळींची हीच रीत होती. अरणचे सावता माळी मळ्यात राबत, नरहरी सोनार दागिने घडवीत, सेना न्हावी श्मश्रू करीत, मंगळवेढ्याचे चोखोबा गावकीची कष्टाची कामे करीत, आणि नामदेवांच्या घरी जनाबाई दळणकांडण करी. ज्याचा जो धंदा, त्यातलेच शब्द घेऊन तो देवाशी बोलत असे. जे हाताने केले तेच मुखाने सांगितले, म्हणून त्यांच्या बोलण्यास वजन आहे.

गोरोबांचे नाव काढताच पुष्कळांस प्रथम निराळीच कथा आठवते. चिखल तुडविताना ते नामस्मरणात इतके गढून गेले की, रांगत आलेले आपले तान्हे मूल पायांखाली तुडविले गेले, तरी त्यांस त्याचे भान राहिले नाही. पुढे पत्नीचा आक्रोश, घातलेली शपथ, गोरोबांनी स्वतःचे हात तोडून घेणे, आणि अखेर पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हात व मूल दोन्ही परत मिळणे, असा तिचा विस्तार आहे. भक्तिमाहात्म्य सांगण्यासाठी संतचरित्रकारांनी ती गायिली, आणि नाटक-चित्रपटांनी ती घरोघर पोहोचविली. तरीपण आमच्या तरुण वाचकांस आम्ही मोकळेपणाने सांगतो की, या कथेतील तन्मयता घ्यावी, बेभानपणा घेऊ नये. आपल्या पायांखाली कोण आहे हे न पाहणारी एकाग्रता अनुकरणीय नव्हे. कथेतील मातेचा शोक खरा आहे, आणि ज्यांनी ही कथा रचली व जपली त्यांनीही तो लपविला नाही. मूल परत मिळाल्यावाचून कथा संपविण्याचा धीर त्यांसही झाला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता थापटण्याच्या कथेकडे वळू. ही भेट कोठे झाली याविषयी सांगणाऱ्यांत एकवाक्यता नाही. तेरची मंडळी अर्थात ती गोरोबांच्याच घरी झाली असे मानतात. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव इत्यादी मंडळी जमली होती. कोपऱ्यात एक लाकडी थापटणे पडले होते. मुक्ताबाईने विचारले, “काका, हे काय?” गोरोबा म्हणाले की, याने थापटून मडके कच्चे की भाजलेले हे आम्ही ओळखतो. त्यावर ती म्हणाली की, आपणही सर्व मातीचीच मडकी आहोत. मग आमचीही परीक्षा होऊ द्या. गोरोबा उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. सर्व जण शांत बसले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र त्यांस तो अपमान सहन झाला नाही. ते रागावले, आणि गोरोबांनी निकाल दिला की, एवढे एक मडके कच्चे राहिले आहे. मंडळी हसली. नामदेव उठून पंढरीस निघून गेले.

आमच्या वाचकांनी येथे थोडे गणित करून पाहावे. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती शके १२१२ म्हणजे १२९० साली, आणि ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली ती १२९६ साली. ही भेट या सहा वर्षांत झाली असे धरले, तर परंपरेने दिलेल्या जन्मसालांप्रमाणे मुक्ताबाई त्या वेळी अकरा ते सतरा वर्षांची, सोपानदेव तेरा ते एकोणीस, ज्ञानदेव पंधरा ते एकवीस आणि नामदेव वीस ते सव्वीस वर्षांचे असावेत. ज्यांस सर्व ‘काका’ म्हणत, ते गोरोबाही तिशीच्या आतलेच ठरतात. काही अभ्यासक निवृत्तिनाथादी भावंडांची जन्मसाले दोन-चार वर्षे मागे नेतात, पण त्याने चित्र पालटत नाही. चित्रांत आपण या मंडळींस पिकल्या केसांचे व गंभीर मुद्रेचे पाहतो; वास्तविक ती सभा आपल्या शाळेच्या वरच्या वर्गातील मुलामुलींची व नुकत्याच शाळा सोडून गेलेल्या तरुणांची होती! परीक्षेची सूचना करणारी मुलगी सर्वांत लहान होती. आणि जो कच्चा ठरला, तो आपल्या पंचक्रोशीत विठ्ठलाचा लाडका म्हणून नावाजलेला, आज आपण ज्यास वर्गातील पहिला म्हणू, असा होता. हे लक्षात घेतले म्हणजे नामदेवांच्या रागाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. धाकट्या मुलांच्या देखत, ज्याची ख्याती आपल्याहून कमी असे वाटते त्या माणसाने, डोक्यावर लाकूड मारून नापास म्हणावे, ही गोष्ट कोणास गोड लागेल?

तथापि त्या निकालाचा अर्थ नीट समजावयाचा, तर कुंभाराच्या अंगणात जावयास पाहिजे. कुंभार माती आणतो ती चाळून, भिजवून, तीत राख किंवा लीद मिसळून पायांनी तुडवितो, म्हणजे ती एकजीव होते. मग चाकावर गोळा ठेवून मडक्याचा आकार उठवितो. चाकावरून काढलेले मडके जाड व बुडाशी उघडे किंवा ओबडधोबड असते. ते थोडे सुकू देतात. अगदी ओले असले तर थापटताना बसते, फार वाळले असले तर तडकते; तेव्हा ती मधली वेळ साधावी लागते. त्या वेळी कुंभार एक हात मडक्याच्या आत घालतो, त्या हातात दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा गोल आधार असतो, आणि बाहेरून थापटण्याने हलके हलके ठोकीत जातो. असे ठोकले म्हणजे भिंत पातळ, सारखी व घट्ट होते, पोट गोल होते. नंतर मडकी सावलीत सुकवून आव्यात रचतात, आणि काटक्या, गोवऱ्या, पाचट इत्यादींनी भाजतात.

भाजल्याने नेमके काय होते? उन्हात कितीही सुकविले तरी मडके मातीच राहते. पाण्यात ठेवले की पुनः चिखल होतो. कारण, सुकताना कणांच्या मधले पाणी तेवढे निघून जाते. मातीच्या कणांच्या घटनेतच बांधलेले पाणी तसेच राहते. सुमारे ५०० ते ६०० अंश सेंटिग्रेड उष्णतेस ते बांधलेले पाणी सुटते आणि मातीचे स्वरूपच पालटते. त्यापुढे ती पाण्यात विरघळत नाही. मग टिचकी मारली असता खणखणीत नाद येतो, कारण सर्व भिंत एकसंध होऊन एकाच वेळी कंप पावते. भाजणी अपुरी राहिली, किंवा कोठे बारीक चीर असली, तर तो कंप मध्येच मरतो व ‘बद्’ असा आवाज होतो. उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना आपली आजी तो उचलून बोटाने वाजवून पाहते, ती हीच परीक्षा. डोळ्यांस न दिसणारी चीर कानास कळते.

या सर्वातून एक गोष्ट निघते, आणि ती गोरोबांस अर्थातच ठाऊक होती. कच्चे मडके आणि फुटके मडके यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कच्चे मडके वाया गेलेले नसते. ते भाजावयाचे राहिलेले असते. त्याला खोच पडली असेल तर कुंभार पाणी लावून नीट करतो. अगदीच बिघडले असेल तर मोडून, भिजवून, त्याच मातीचे नवे मडके करतो. ही मुभा फक्त कच्च्या मडक्यास आहे. एकदा भाजलेले मडके फुटले की त्याचे खापर झाले. दोन हजार वर्षे जमिनीत पडून राहिले तरी ते पुनः माती होत नाही. तेरच्या वस्तुसंग्रहालयात पाहा. तेव्हा कुंभार जेव्हा ‘कच्चे’ म्हणतो, तेव्हा तो शिवी देत नसतो. हे आणखी आव्यात जावयाचे आहे, एवढेच तो सांगतो. जो कुंभार नाही त्यास ते शिवीसारखे ऐकू येते. नामदेव जातीचे शिंपी होते!

आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांस येथे जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याची आठवण होईल. तोही कुंभाराच्या घरी गेला होता, व चाकावर बिघडलेल्या पात्राच्या मातीचे कुंभाराने दुसरे पात्र केले, हे त्याने पाहिले. आणि लागलीच पुढच्या अध्यायात त्यास भाजलेले मडके फोडावयास सांगितले आहे, जे पुनः सांधता येत नाही. देश निराळा, काळ निराळा, धर्म निराळा. परंतु कुंभाराच्या अंगणात उभे राहिलेल्या मनुष्यास दिसले ते एकच.

थापटण्याविषयी आणखी थोडे सांगावयाचे राहिले, आणि ते मुलांपेक्षा पालकांस व आम्हां शिक्षकांस अधिक लागू आहे. बाहेरून ठोकणारा हात सर्वांस दिसतो. आतून आधार देणारा हात दिसत नाही. तो आतला हात नसेल तर पहिल्याच ठोक्यास भिंत आत दबते. कबीरानेही गुरूस कुंभाराची उपमा देताना हाच आतला हात दाखविला आहे. कित्येक जण गोरोबांच्या कथेवरून ‘छडी लागे छमछम’ या पंथाचे समर्थन करतात, ते आम्हांस मान्य नाही. एक तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांस शारीरिक शिक्षा करणे व त्यांचा मानसिक छळ करणे या दोहोंस बंदी केली आहे, आणि ती योग्यच आहे. दुसरे असे की, कथेतील थापटणे शिक्षेचे नव्हतेच. कोणी अपराध केला नव्हता. मंडळींनी परीक्षा मागितली व गोरोबांनी ती घेतली. तीतही सर्वांस एकच माप लावले. ज्ञानदेवांच्या मस्तकावर हलके आणि दुसऱ्याच्या मस्तकावर जोराने, असे केले नाही.

नामदेव पंढरीस गेले तेव्हाचा प्रसंग आम्हांस सर्व कथेत अधिक मोलाचा वाटतो. ते विठ्ठलापाशी गेले आणि मुलाने आईपाशी तक्रार करावी तशी त्यांनी तक्रार केली. लाडक्या भक्ताचा अपमान झालेला. आता देव गोरोबांवर रागावणार, असे वाटावे. तसे झाले नाही. विठ्ठलाने गोरोबांस दोष दिला नाही, निकाल फिरविला नाही, आणि नामदेवांस जवळून दूरही लोटले नाही. तुला गुरू केला पाहिजे, विसोबा खेचरांकडे जा, असा रस्ता तेवढा दाखविला. निकालपत्र हाती घेऊन मूल घरी येते तेव्हा आईबापांपुढे याच तीन वाटा असतात. कोणी मास्तरांशी भांडावयास निघतात, कोणी मुलावर हात उगारतात. तिसरी वाट अवघड, कारण तीत आपल्या लाडक्याचे कच्चेपण कबूल करावे लागते, आणि तरीही तो आपला लाडकाच राहतो हे त्यास कळू द्यावे लागते.

नामदेव गेले ते औंढा नागनाथास. हे क्षेत्र आज हिंगोली जिल्ह्यात आहे. तेथे देवळात पाहतात तो एक म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला! नामदेवांस पुनः संताप आला. म्हणजे तेरला ज्यामुळे ते कच्चे ठरले तो स्वभाव अजून तसाच होता. म्हातारा म्हणाला, “बाबा, मी थकलो आहे. जेथे देव नाही अशा ठिकाणी माझे पाय उचलून ठेव.” नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तो तेथे पिंडी दिसली, तिसरीकडे ठेवले, तेथेही तेच. तेव्हा त्यांस उमगले की, आपण ज्यास पंढरीच्या गाभाऱ्यात एकट्याने आपला म्हणत होतो, तो सर्वत्र आहे. हा म्हातारा म्हणजेच विसोबा खेचर. चमत्कार खरा मानावा की रूपक म्हणून घ्यावा, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे. त्यात जो मुद्दा आहे तो मात्र कोणासही पटण्यासारखा आहे. नामदेवांचा दोष अज्ञानाचा नव्हता. आपल्याला मिळालेले हे आपल्या एकट्याचे, ही भावना त्यांच्यात शिल्लक होती. वर्गातील हुशार मुलाचे कच्चेपण बहुधा याच जागी असते. तो उत्तरे चुकत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक मौज अशी की, विसोबा हे स्वतः एके काळी ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करणाऱ्यांपैकी होते, व मागाहून पश्चात्ताप पावून त्यांचे शिष्य झाले, असे परंपरा सांगते. म्हणजे नामदेवांस ज्याच्याकडे पाठविले तो स्वतः उशिरा भाजून निघालेला होता. आमच्या मते शिक्षकाचे काम असला मनुष्यच चांगले करतो.

हे सर्व आम्ही पुराणातील वांगी म्हणून सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी काय होते, हे सर्वांनी पाहिले आहे. एका विषयात राहिलेला मुलगा घरात तोंड दाखवीत नाही. ‘याला शिक्षणाचे अंग नाही’ असा शेरा मारून त्याची वह्या-पुस्तके माळ्यावर जातात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची टोळी निघते तीत तोही दिसतो. मुलगी राहिली तर घरात वेगळीच बोलणी सुरू होतात. अठरा वर्षे पुरी होण्याची वाटदेखील कित्येक ठिकाणी पाहिली जात नाही. कष्टाच्या कामास आम्ही हलके म्हणत नाही. गोरोबांच्या कथेत तसे म्हणणे शोभणारही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, निकालपत्रावर ‘अनुत्तीर्ण’ असे जे लिहिलेले असते ते कुंभाराचे ‘कच्चे’ आहे, आणि घरी ते ‘फुटके’ म्हणून वाचले जाते. त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते. राहिलेल्या विषयांपुरतेच बसता येते. तिची आवेदनपत्रे शाळेतच भरून मिळतात. निकालानंतरच्या आठवड्यात, डोळे पुसून झाल्यावर, मुलाने शाळेत यावे आणि पालकांनी त्यास यावयास लावावे. आमचा अनुभव असा की, मुले अभ्यासास भितात त्याहून अधिक त्या एका आठवड्यास, म्हणजे लोकांच्या हसण्यास भितात. संतमंडळीही हसली होती.

आणि ज्यांस उत्तम गुण मिळाले त्यांनीही आपणांस थापटून घेण्यास हरकत नाही. वर्गातील कोणी मागे राहिलेला मुलगा आपली चूक दाखवितो तेव्हा मनात काय उठते, हे पाहिले म्हणजे पुरे. निराळे थापटणे लागत नाही.

नामदेवांचे पुढे काय झाले हे इतिहासास ठाऊक आहे. ज्ञानदेवांनंतर त्यांनी दीर्घकाळ कीर्तनाने महाराष्ट्र जागविला, आणि नंतर ते उत्तरेस गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्मारक आहे. शिखांचा आदिग्रंथ गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. घुमान येथेच २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पुढे २०२० च्या जानेवारीत ते संमेलन आपल्या धाराशिवास आले. शहराचे सरकारी नाव तेव्हा उस्मानाबाद होते, संमेलनाच्या मांडवनगरीस गोरोबाकाकांचे नाव दिले होते, आणि अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू व ‘सुबोध बायबल’चे कर्ते होते. कुंभाराच्या नावाच्या नगरीत मराठी भाषेच्या सर्व लेकरांस जागा झाली, याचा आम्हांस आनंद वाटतो. फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले.

तेरच्या त्या निकालाची हकिगत आपणांस कशी कळली, हेही पाहण्यासारखे आहे. महिपतिबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली रचलेल्या ‘भक्तविजया’त ती विस्ताराने आहे खरी, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून ती खुद्द नामदेवांच्या नावावर चालत आलेल्या अभंगांतून गायिली जाते. ज्याची फजिती झाली त्याच्याच तोंडून, त्याच्याच नावाने, ती लोकांनी ऐकली. गोरोबांनी तिचा गाजावाजा केल्याचे दिसत नाही.

इसवी सन १३५० मध्ये नामदेवांनी पंढरपुरी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारात, पायरीखाली समाधी घेतली. देवदर्शनास येणाऱ्या संतसज्जनांचे पाय आपल्या मस्तकास लागावेत, अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. तीच आजची नामदेव पायरी. वारकरी तेथे वाकून हात लावतात, आणि तिच्यावर पाय न देता पुढच्या पायरीवर जातात.